पाकिटावरची बाई

दलित साहित्याने मराठी वाङ्मयातल्या शब्दाची झडती घेतली. कोणत्या शब्दामागे कोणाचे हितसंबंध उभे आहेत, 'सौंदर्य' म्हणताना कोणाचे जगणे गृहीत धरले जाते आणि कोणाचे वगळले जाते, ह्याची चिकित्सा आपण पुष्कळ केली. चित्राची मात्र तितकी केली नाही. शब्द वाचायला शाळेत जावे लागते, चित्र कोणालाही कळते, अशी आपली समजूत आहे. जाहिरातीच्या छायाचित्राचे सामर्थ्य नेमके ह्या समजुतीत आहे. ज्याने आयुष्यात एकही कविता वाचली नाही, तो माणूससुद्धा दिवसभरात जाहिरातींची अनेक छायाचित्रे पाहतो. आणि आपण काही वाचले, आपल्याला काही शिकवले गेले, हे त्याच्या ध्यानातही येत नाही. म्हणून वस्त्रांच्या जाहिरातीतले छायाचित्र हा आपल्या चिकित्सेचा विषय झाला पाहिजे.

त्यासाठी मुंबईची गुळगुळीत मासिके धुंडाळायची गरज नाही. नंदुरबार सुरत-भुसावळ लोहमार्गावर आहे. सुरतेच्या कापडबाजारातल्या साड्या इथे येतात, आणि शहादा, तळोदा, अक्कलकुव्याच्या आठवडेबाजारापर्यंत जातात. साडी घडीत असते. ती नेसल्यावर कशी दिसेल हे सांगायला पाकिटावर एका बाईचे छायाचित्र असते. साडी घरी येते, जुनी होते, तिची गोधडी होते. पाकिटावरची बाई मात्र कित्येक घरांत कुडाच्या भिंतीला चिकटवलेली राहते. फॅशनचे छायाचित्र आपल्या जिल्ह्यात असे शिरते.

ही बाई नीट पाहा. ती गोरी आहे. मागे हवेलीचे खांब आहेत, नाहीतर बाग. एक हात कमरेवर आहे, दुसऱ्या हाताची बोटे पदराच्या काठाला नुसती टेकली आहेत. तिने काठ धरलेला नाही, केवळ स्पर्श केला आहे. मान कललेली, एका गुडघ्यात बाक, अंगाचा भार एकाच पायावर. ती पाहणाऱ्याकडे पाहत नाही. तिची नजर खाली तरी असते किंवा दूर कुठेतरी. आता त्याच दुकानातला शर्ट-पँटच्या कापडाचा फलक पाहा. पुरुष पाय रोवून उभा आहे. नजर समोर. हाताने तो काहीतरी पकडतो: गाडीचे दार, कोट, कागदपत्रे. दोघे एकत्र असले तर तो उंच असतो, ती त्याच्या खांद्याशी कललेली असते.

अर्व्हिंग गॉफमन ह्या समाजशास्त्रज्ञाने १९७६ साली अशी शेकडो छायाचित्रे तपासून नेमक्या ह्याच खुणा नोंदल्या होत्या: स्त्रीच्या हाताचा हलका, निरुपयोगी स्पर्श, कललेली मान, वाकलेला गुडघा, प्रसंगातून मन काढून घेतल्यासारखी नजर, आणि पुरुषाची उंची. त्याचे म्हणणे असे की, स्त्रीपुरुष कसे वागतात हे जाहिरात दाखवत नाही. त्यांनी कसे असावे असे समाज मानतो, ते दाखवते. झुकणे हे दुय्यमत्वाचे चिन्ह आहे, आणि जाहिरात ते सौंदर्य म्हणून विकते. रेमंडने आपल्या जाहिरातींतून १९९० नंतर 'परिपूर्ण पुरुष' आणला; तो हळवा आहे, मूल कडेवर घेतो. परंतु त्याच्या हळवेपणाचे कौतुक होते, ह्याचाच अर्थ हळवे असणे त्याच्यावर बंधनकारक नाही.

गॉफमनने लिंगभाव वाचला. आपल्या देशातल्या छायाचित्रात आणखी एक ओळ लिहिलेली असते. ती जातीची.

पदराचे उदाहरण घ्या. नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर काम करणारी बाई, किंवा ऊसतोडीला गुजरातेत जाणारी नवापूर-धडगावकडची बाई, पदर मोकळा सोडत नाही. ती तो खोचते. खोचलेला पदर म्हणजे काम. पाकिटावरचा पदर वाऱ्यावर सुटलेला असतो, कारण त्या बाईला काम नाही. तिच्या हातांना काही उचलायचे नाही, म्हणूनच ते नुसते टेकू शकतात. म्हणजे ह्या छायाचित्रात स्त्रीत्वाची व्याख्याच मुळी श्रमाचा अभाव अशी केलेली आहे. आणि ह्या देशात श्रम कोणाच्या वाट्याला आले, हे जातीने ठरवले. तेव्हा श्रमणारी बाई ह्या चित्रात कुरूप ठरते असे नाही. ती 'बाई' ह्या व्याख्येतच बसत नाही. हा हिणवण्याहून खोल गेलेला घाव आहे. माझी आई रोजाने जाई. तिचा सुटा फोटो एकच आहे, मतदार ओळखपत्रावरचा. त्यात ती सरळ समोर पाहते. अशा समोर पाहणाऱ्या बाईला साडीच्या पाकिटावर जागा नाही.

वस्त्र ही भाषा आहे, हा विचार आपल्याकडे पाश्चात्त्य ग्रंथांतून आला असे विद्यापीठांत शिकवले जाते. रोलाँ बार्थ ह्या फ्रेंच समीक्षकाचा फॅशनवरचा ग्रंथ १९६७ चा. त्याच्या चाळीस वर्षे आधी, डिसेंबर १९२७ मध्ये, महाडच्या सत्याग्रह परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांपुढे हेच मांडले होते. लुगडे गुडघ्यापर्यंत वर नेसण्याची पद्धत, हातभर कथलाचे आणि चांदीचे दागिने ही अस्पृश्यतेची ओळख पटवणारी खूण आहे, ती टाकून द्या, असे त्यांनी सांगितले. आणि तिथल्या स्त्रियांनी लागलीच आपल्या नेसण्याची रीत बदलली. ज्यांना अक्षर वाचू दिले नव्हते, त्या बायकांनी वस्त्राचे वाचन केले. त्रावणकोरच्या नाडर स्त्रियांना वरचे अंग झाकण्याच्या हक्कासाठी झगडावे लागले, आणि १८५९ साली राजाला तशी मुभा जाहीर करावी लागली. कपडा हा इथे कधीच केवळ कपडा नव्हता.

येथे एक आक्षेप येईल. महाडलाही पांढरपेशा स्त्रियांसारखे नेसा असेच सांगितले गेले. मग पाकिटावरच्या बाईने काय वेगळे सांगितले? वेगळेपण मूलभूत आहे. महाडला लादलेली खूण नाकारली गेली. नाकारणाऱ्या त्या स्वतः होत्या, आणि तो निर्णय सर्वांनी मिळून घेतला. पाकीट कोणतीही खूण नाकारत नाही. ते एकेकट्या बाईला तिच्या उणेपणाची जाणीव देते आणि त्या उणेपणावर उतारा म्हणून साडी विकते. महाडची स्त्री अर्थ घडवणारी होती. पाकिटावरची स्त्री अर्थ टांगण्याची खुंटी आहे.

दुसरी गोष्ट चांदीची. आपल्या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. सातपुड्यातल्या पावरा, भिल्ल बायकांची चांदी महाडला टाकलेल्या कथलासारखी नाही. ती कोणी लादलेली नाही. ती त्यांची मिळकत आहे, अडचणीत गहाण पडणारी ठेव आहे आणि होळीच्या नाचातली शान आहे. म्हणून महाडचा उपदेश सातपुड्यावर जसाच्या तसा नेणे चुकीचे ठरेल. पण बाजाराने काय केले ते पाहा. त्याच घाटाची हासळी आणि कडी काळपट मुलाम्यात घडवून शहरात 'ट्रायबल' म्हणून विकली जातात, आणि जाहिरातीत ती शहरी, उजळ मुलीच्या अंगावर असतात. तिथे हासळी म्हणजे बंडखोरी, मोकळेपणा, कलात्मक रुची. तीच हासळी धडगावची मुलगी घालून तालुक्याच्या महाविद्यालयात आली, तर ती 'मागास'. दागिना तोच, अर्थ उलटा. ह्याचा उलगडा असा की अर्थ दागिन्यात नव्हताच. तो कोणाच्या अंगावर आहे, ह्यात होता. माझ्या वर्गातल्या मुली वसतिगृहात येताना अंगावरची चांदी गावी ठेवून येतात, आणि गॅदरिंगला 'आदिवासी नृत्य' बसवायचे ठरले की भाड्याने आणलेले नकली दागिने घालतात. ह्याला कोणी सांस्कृतिक संवर्धन म्हणत असेल तर म्हणो.

ऑगस्ट २००८ मध्ये 'व्होग इंडिया' ह्या मासिकाने हा खेळ उघडपणे खेळून दाखवला. खेड्यातल्या गरीब माणसांच्या हाती परदेशी महागड्या वस्तू देऊन छायाचित्रे काढली: दात पडलेल्या म्हातारीच्या कडेवरच्या बाळाला फेंडीचे लाळेरे, एका माणसाच्या हाती बर्बेरीची छत्री. छायाचित्राखाली वस्तूंच्या कंपन्यांची नावे होती, माणसांची नव्हती. त्यावर टीका झाली, ती गरिबीच्या थट्टेविषयी. मला तो नावांचा हिशेब जास्त महत्त्वाचा वाटतो. छत्रीला नाव आहे आणि छत्री धरणाऱ्याला नाही. म्हणजे माणूस वस्तूची पार्श्वभूमी झाला.

आता महाराष्ट्रात सर्वात गाजलेल्या छायाचित्राकडे येऊ. १९९५ साली 'टफ' बुटांच्या जाहिरातीसाठी मधु सप्रे आणि मिलिंद सोमण ह्या दोन मराठी मॉडेल्सचे छायाचित्र प्रबुद्ध दासगुप्त ह्यांनी काढले. दोघे विवस्त्र, एकमेकांना बिलगून उभे, अंगावर अजगर, पायात बूट. संस्कृती बुडाल्याची ओरड झाली, मुंबईत खटला झाला, आणि चौदा वर्षांनी, २००९ मध्ये, आरोपी सुटले. ह्या वादात दोन गोष्टी कोणीच पाहिल्या नाहीत असे मला वाटते. पहिली ही की, त्या चित्रात स्त्री आणि पुरुष दोघेही सारखेच उघडे होते, दोघेही उभे होते. झुकलेल्या मानेच्या, घरंदाज साडीतल्या असंख्य जाहिरातींपेक्षा त्यात स्त्री कमी दुय्यम होती. पण झुकलेल्या मानेवर खटला होत नाही. १९८६ चा स्त्रियांच्या अशिष्ट प्रदर्शनाविरुद्धचा कायदा अंगावर किती कपडा आहे हे पाहतो. कपड्याने अंगाला कसे वाकवले आहे, हे मोजण्याची पट्टी त्याच्याकडे नाही.

दुसरी गोष्ट त्या चित्रातल्या बुटांची. सारा महाराष्ट्र त्या दोघांचे अंग पाहत राहिला, पाय कोणी पाहिले नाहीत. ह्या भूमीत पायतण कोणी शिवायचे आणि पायतण हातात घेऊन कोणत्या आळीतून कोणी चालायचे, हे जातीने ठरवले होते. बूट घालणे हा आपल्या बापजाद्यांसाठी हक्काचा प्रश्न होता. जाहिरातीने त्या बुटाला त्याच्या साऱ्या इतिहासापासून सोलून काढले आणि त्याला नवा इतिहास दिला: स्वर्गातला बाग, पहिले स्त्रीपुरुष, सर्प. त्यात चामडे कमावणारा हात नाही, शिवणारा हात नाही. श्लील-अश्लीलतेचा वाद हा असा प्रस्थापितांच्या घरातला वाद होता. आपण त्यात कोणत्याही बाजूने ओढले जाण्याचे कारण नाही.

मग करायचे काय? 'फेअर अँड लव्हली'ने १९७५ पासून गोरेपणा विकला आणि २०२० साली नावातला 'फेअर' काढून 'ग्लो' घातला. टीकेचा दबाव लागू पडतो हे खरे. पण पाटी बदलते, दुकान तेच राहते. जाहिरातदारांच्या स्वनियमन मंडळाने २०१४ मध्ये रंगभेदाविषयी आणि २०२२ मध्ये लिंगभावाच्या साच्यांविषयी नियम केले. त्यांचा उपयोग जरूर करावा. परंतु नियम हिणवण्याविरुद्ध असतात. हिणवले तर तक्रार करता येते. वगळले तर ती कोणाकडे करायची?

म्हणून काम वर्गात आणि वस्तीत करावे लागेल. मराठीच्या तासाला आपण कवितेचे रसग्रहण शिकवतो, तसे एका साडीच्या पाकिटाचे शिकवावे. मुलांना पाच प्रश्न द्यावेत: हात काय करतो आहे? नजर कुठे आहे? कोण उंच आहे? मागे कोणाचे घर आहे? आणि ही वस्तू ज्यांनी बनवली ते ह्या चित्रात कुठे आहेत? ह्या पाच प्रश्नांसाठी कोणताही ग्रंथ लागत नाही. आणि कार्यकर्त्यांनी आपल्या चळवळीची छायाचित्रे जपावीत. १९७२ नंतर शहादा-तळोद्यात श्रमिक संघटनेच्या आदिवासी स्त्रिया दारूचे मटके फोडत गावोगाव फिरल्या. त्या पिढीतल्या कोणाकडे त्या बायांचे एखादे छायाचित्र ट्रंकेत पडले असेल, तर ते बाहेर काढावे, मागे बाईचे नाव आणि गाव लिहावे, आणि आपल्या शाळा-महाविद्यालयांच्या भिंतीवर लावावे. मुलींना तेही दिसले पाहिजे.