एक लाल, एक पांढरं

कॅनडात किंवा ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या मराठी माणसाला हौस आली, तर तो दुकानातून वाइनचा संच घरी आणतो. त्यात द्राक्षाचा आटवलेला रस, यीस्टची पुडी, रस निवळायला बेंटोनाइट नावाची माती, टिकवायला गंधकयुक्त पूड आणि लाल वाइन असेल तर बहुधा ओकच्या लाकडाच्या ढलप्या. हे सगळं पाण्यासकट २३ लिटरच्या बादलीत घालायचं, महिना-दीड महिना वाट पाहायची आणि तीसेक बाटल्या भरायच्या. घरापुरती केली तर तिथला कायदा काही म्हणत नाही. मालवणात तीच बादली मांडली तर १९४९ चा दारूबंदी कायदा दारात उभा राहतो. परवान्याशिवाय घरी मद्य करणं महाराष्ट्रात गुन्हा आहे.

तरीही सिंधुदुर्गातल्या घरांत उन्हाळ्यात एक लाल आणि एक पांढरं तयार होतंच. लाल म्हणजे अमृत कोकम, पांढरं म्हणजे काजूच्या बोंडूचं सरबत. दोन्हींत मद्य नाही, पण दोन्ही चाखावीत ती वाइनच्या शिस्तीने: आधी रंग, मग वास, मग आंबट-तुरट आणि घोट गेल्यावर जिभेवर मागे काय राहतं ते. उन्हातून आल्या आल्या घटाघटा पिणाऱ्याची तहान भागते, एवढंच.

लालापासून सुरुवात करू. पाहुण्याला स्टीलच्या पेल्यात अमृत कोकम देणाऱ्या घरांशी माझं भांडण आहे, कारण अर्धी मजा डोळ्यांची असते. काचेच्या ग्लासात तळाशी दाट माणकासारखा आणि कडेला गुलाबी असा जो रंग दिसतो, तो अँथोसायनिन गटातल्या द्रव्यांचा. लाल वाइनचा रंगही त्याच कुळातला. आंबटपणा आहे तोवरच तो लाल राहतो. बाजारातल्या एखाद्या बाटलीबद्दल शंका असेल तर थोड्या सरबतात चिमूट-दोन चिमूट खाण्याचा सोडा टाकून बघा. रातांब्याचा, म्हणजे कोकमाच्या फळाचा, रंग असेल तर लाली सोडून जांभळट-काळपट होईल.

अमृत कोकम करण्यात विस्तवाचं काम नाही. पिकलेले रातांबे धुऊन पुसायचे, चिरायचे, बिया काढायच्या, सालींच्या वाट्यांत साखर भरायची आणि बरणीत एकावर एक थर लावायचे. सालींच्या वजनाच्या दुप्पट साखर. मग आठवडाभर बरणी उन्हात. साखर सालीतलं पाणी ओढून घेते आणि बरोबर रंग, आम्ल, वास सगळं उतरतं. शिजवलेल्या कोकम सिरपाला जो जॅमसारखा वास येतो तो इथे नसतो. इथे फळ कच्चं, जिवंत राहतं.

आता गंमत बघा. वाइन करणाऱ्याच्या द्राक्षरसात साखर साधारण पाव हिश्शाच्या आतबाहेर असते. यीस्टला ती मानवते, ती खाऊन ते मद्य करतं. आमच्या बरणीत साखर इतकी दाट असते की यीस्टच्या पेशीतलंच पाणी ती ओढून घेते आणि यीस्ट हतबल होतं. पण कुणी साखरेत हात आखडला, किंवा ओला डाव बरणीत बुडवला, की चार दिवसांत वर फेस येतो आणि घरात ओरड होते, ‘बरणी फसफसली!’ वाइनवाल्याला जिथे कामाला सुरुवात झाल्याचा आनंद होतो, तिथे आमच्याकडे कपाळावर आठी. फळाला मद्य होण्यापासून अडवणं हीच इथली कारागिरी आहे, आणि चांगल्या घोटात तो ताण जाणवतो. भरपूर गोड असूनही ते गुळमट लागत नाही. द्राक्षात टार्टारिक आम्ल, कोकमात मुख्यतः हायड्रॉक्सिसिट्रिक. हे दुसरं जिभेच्या कडांवर चढतं आणि सावकाश उतरतं. चिमूटभर मीठ त्याला सरळ करतं. जिरेपूड मात्र पिताना घालावी. बाटलीतच जिरं घालून ठेवलेलं अमृत कोकम महिन्याभरात नुसतं जिऱ्याचं पाणी लागतं, मग ते कितीही नावाजलेल्या घरचं असो.

घराघरांची चव वेगळी का, याचं उत्तर झाडात आहे. रातांब्याची नर आणि मादी झाडं वेगळी, परसातली बहुतेक बियांपासून आपोआप उगवलेली. त्यामुळे एका कुंपणावरचं फळ जाड सालीचं नि फिकट, पलीकडचं पातळ सालीचं नि काळपट लाल. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने १९९७ मध्ये ‘कोकण अमृता’ ही जात दिली, तिच्या कलमांचं फळ एकसारखं येतं. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. दोन्ही गोष्टी बागायतदाराच्या हिताच्या. पण रसिकाने परसातल्या झाडाशी इमान राखावं.

पांढरं मला अधिक गूढ वाटतं. ते पांढरं म्हणजे फिकट गवती पिवळं, जसं वाइनमध्येही असतं. काजूचा बोंडू झाडावरून पडला की दिवसभरात आंबायला लागतो. रातांब्याइतकीही उसंत देत नाही. सीमेपलीकडे गोव्यात त्याचा पहिल्या धारेचा हुर्राक आणि मग फेणी होते, आणि फेणीला २००९ मध्ये मानांकन मिळालं. दोडामार्गाकडचा बराच बोंडू टेम्पोत बसून तिकडेच जातो. उरलेला झाडाखाली सडतो, कारण शेतकऱ्याला हवी असते बी. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने ज्या नामांकित जाती दिल्या त्याही मुख्यतः बी पाहूनच. बोंडूच्या चवीसाठी जात निवडली असती तर काय झालं असतं, हा माझा जुना प्रश्न.

ताज्या बोंडूचा रस घसा धरतो, तो टॅनिनमुळे. लाल वाइनमध्ये हेच टॅनिन मोलाचं, इथे ते उतरवावं लागतं. त्यासाठी साबुदाणा: किलोभर रसाला पाचेक ग्रॅम, दळून, शिजवून, गार करून घालायचा आणि रस रात्रभर हलवायचा नाही. सकाळी गाळ तळाशी, वर नितळ रस. संचातली बेंटोनाइटची माती रस निवळते, त्याच जातीचं हे काम. मग साखर आणि लिंबू. घाबरून साबुदाणा जास्त घातला तर रस नितळ होतो पण मुका होतो; घशाशी किंचित खरखर राहिलीच पाहिजे. बोंडूचा खरा ऐवज वासात आहे. पिकलेला अननस, थोडा फणस आणि मागून एक उग्र, जवळजवळ अशोभनीय दर्प. काहींना तो दर्प नकोसा वाटतो. मला त्याच्याशिवाय बोंडू बोंडू वाटत नाही.

जेवणाशी जोडी लावताना लोक लालाला झुकतं माप देतात, पण जेवणात कोकमाची जागा सोलकढीने आधीच घेतली आहे. अमृत कोकम दुपारच्या चार वाजताचं. बोंडूचं सरबत जेवणाबरोबर कुणी घेत नाही, ते घ्यावं, आणि तळलेल्या बांगड्याबरोबर घ्यावं. बांगड्याची चरबी तुरटपणा कापतो, रव्याची कुरकुर संपते तिथे लिंबू उचलून घेतं. एप्रिल-मे हेच त्याचे दिवस. १ जूनला मासेमारीबंदी लागते आणि तोवर झाडावर बोंडूही उरलेला नसतो.