खरे, बेडेकर आणि शिरूरकर

आपल्यापैकी अनेकींच्या कपाटात एक प्लास्टिकचं फोल्डर असतं. त्यात दोन नावांच्या दोन बायका राहतात. एकीच्या नावावर दहावी-बारावीची गुणपत्रकं आणि पदवी, दुसरीच्या नावावर पासपोर्ट, व्हिसा आणि बँकेचं खातं. दोघी एकच आहेत हे सांगणारा कागद, म्हणजे विवाहाचा दाखला, मध्ये पुलासारखा ठेवलेला असतो. देश बदलला की आधी हे फोल्डर शोधायचं. तुमच्याकडेही असेल, तर पुढचं वाचताना ते डोळ्यांसमोर असू द्या.

माझ्या मुलीचं लग्न ठरलं आहे. मागच्या महिन्यात हार्बरफ्रंटला जेवायला भेटलो तेव्हा तिने विचारलं, "आई, आडनावाचं काय करू?" मी लगेच उत्तर दिलं नाही. माझं तर पहिलं नावही लग्नात बदललं होतं. ताटात तांदूळ पसरले, अंगठीने त्यावर नवं नाव लिहिलं, सगळ्यांना पेढे वाटले. मला कोणी विचारलं नव्हतं आणि कोणी विचारायला हवं होतं हे मलाही तेव्हा सुचलं नव्हतं. घरी आल्यावर मी एक जुनी कादंबरी पुन्हा काढली. हा लेख त्या वाचनातून आला आहे.

कादंबरी 'खरेमास्तर', 1953 सालची. लेखिका विभावरी शिरूरकर. हे टोपणनाव आहे हे बहुतेकांना माहीत असतं. त्या जन्माने बाळूताई खरे. 1938 साली विश्राम बेडेकरांशी लग्न झाल्यावर त्या मालती बेडेकर झाल्या. म्हणजे आडनाव बदललं आणि पहिलं नावही. आता 'खरेमास्तर'चं मुखपृष्ठ नीट पाहा. शीर्षकात माहेरचं आडनाव. खाली स्वतः घेतलेलं आडनाव. आणि कायद्याने ज्या नावाने त्या तेव्हा जगत होत्या, ते बेडेकर मुखपृष्ठावर नाहीच. लग्नानंतरच्या आडनावावर मराठीत इतकं बोलून झालं आहे, पण त्या प्रश्नाची इतकी स्वच्छ मांडणी मला दुसऱ्या कुठल्या मुखपृष्ठावर दिसलेली नाही.

शिरूरकर हे नाव आलं 1933 साली, 'कळ्यांचे निःश्वास'बरोबर. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न लांबलेल्या किंवा न झालेल्या मुलींच्या त्या कथा. त्यांच्या पगारावर घर चालतं आणि त्यांच्या मनाकडे, शरीराकडे घर बघत नाही, हे त्या कथांनी उघड लिहिलं. पुढच्याच वर्षी आलेल्या 'हिंदोळ्यावर'मधली अचला नवऱ्यापासून वेगळी झालेली, दुसऱ्या पुरुषाबरोबर आयुष्य मांडू पाहणारी. मोठा गदारोळ झाला. ही बाई आहे कोण, की हा पुरुषच आहे, अशा चर्चा झडल्या. बाळूताई महर्षी कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेत शिकलेल्या, पुढे शिक्षिका झालेल्या. 'अलंकार-मंजूषा'सारखं अभ्यासाचं पुस्तक त्यांनी स्वतःच्या नावाने लिहिलं होतं. बाईने दागिन्यांवर लिहावं, त्याला हरकत नव्हती. मुलीच्या इच्छांवर लिहायचं तर मात्र नाव लपवणं भाग होतं.

म्हणून समीक्षेत या टोपणनावाकडे मुख्यतः मुखवटा म्हणून पाहिलं जातं. भीतीपोटी घेतलेलं, गुपित फुटल्यावर गरज संपलेलं. मला हे वाचन अपुरं वाटतं. भीती हेच कारण असतं, तर ओळख उघड झाल्यावर, लग्न होऊन नवं नाव मिळाल्यावर शिरूरकर संपायला हवी होती. ती संपली नाही. सोलापूरला गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या वसाहतीत काम केल्यानंतर लिहिलेली 'बळी' 1950 साली त्याच नावाने आली, 'खरेमास्तर'ही त्याच नावाने आली. तोवर लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. उरलं होतं ते या नावाने कमावलेलं लिहिण्याचं धैर्य, आणि ते त्यांना सोडायचं नव्हतं.

हे नाव कसं बनलंय तेही पाहा. खरे वडिलांकडून आलं, बेडेकर नवऱ्याकडून. शिरूर हे गाव. गावाला 'कर' लावून आडनाव करायची आपली जुनीच रीत आहे, पण ते आडनावही पुढे बापाकडून मुलाकडेच जातं. इथे एका मुलीने ते स्वतःच्या हाताने बनवलं आणि ते तिच्यापाशीच थांबलं. लग्नात बदललेलं नाव सोडायचं आणि माहेरचं ठेवायचं, हा आजचा साधा हिशेब या लेखिकेपुढे तोकडा पडतो. माहेरचं आडनावही एका पुरुषाचंच असतं, हे बोलायला आपल्याला अवघड जातं.

आणि 'खरेमास्तर' नेमकं त्या पुरुषाविषयी आहे. लहान गावातला शाळामास्तर, मुलींना शिकवायचा ध्यास घेतलेला. लेखिकेच्या वडिलांच्या आयुष्यावर ती बेतलेली आहे. कल्पना करा, मुखपृष्ठावर 'मालती बेडेकर, माहेरच्या खरे' असं असतं तर? आपण ते लेकीने वाहिलेलं फूल म्हणून वाचलं असतं, डोळे पुसून मिटलं असतं. शिरूरकर या नावामुळे लेखिका घराच्या उंबऱ्याबाहेर एक पाऊल उभी राहते. तिथून बाप हा एक माणूस म्हणून दिसतो. त्याचं मोठेपण दिसतं, आणि आपण मुलींसाठी जे केलं त्याची त्याला काय किंमत पडली हेही दिसतं. माझ्या मते या कादंबरीचं बळ या अंतरात आहे, आणि हे अंतर नावाने मिळवून दिलं आहे.

पण एवढ्यावरून टोपणनावाचा झेंडा नाचवायचा का? नको. त्याची किंमतही मोजायला हवी. 1981 साली मुंबईत समांतर साहित्य संमेलन भरलं, त्याच्या अध्यक्षपदी मालती बेडेकर होत्या. ते नाव आणि 'कळ्यांचे निःश्वास'चं नाव मनात जोडायला वाचकाला आजही क्षणभर थांबावं लागतं. एका बाईचं काम तीन नावांत विभागलं की पुढच्या पिढीला ते सलग दिसत नाही. आपल्या फोल्डरमध्ये जे झालं, ते वाङ्मयाच्या इतिहासातही झालं.

बाकीच्यांनी काय केलं? लक्ष्मीबाई टिळक माहेरच्या मनकर्णिका गोखले. 'स्मृतिचित्रे'मध्ये त्या नवऱ्याला सरळ 'टिळक' म्हणतात. त्यांचं स्वतःचं आडनावही तेच, पण पुस्तकभर ते त्यांच्यापासून सुटं उभं राहतं आणि त्या त्याच्याकडे हसत, रागवत बघतात. मिळालेलं नाव ठेवूनही त्याच्याशी असं अंतर राखता येतं. इरावती कर्व्यांचा जन्म ब्रह्मदेशातला, तिथल्या नदीवरून त्यांचं नाव. करमरकरांच्या कर्वे झाल्या, नदी मात्र बदलली नाही. त्यांच्या कन्या गौरी देशपांडे सासरच्या आडनावानेच लिहीत राहिल्या, आणि त्यांच्या नायिकांना कोणी आडनावावरून ओळखत नाही. सानियांनी तर आडनावच बाजूला ठेवलं. यातला एकही मार्ग तेवढ्यानेच मुक्त किंवा तेवढ्यानेच बांधलेला ठरत नाही. त्या नावाने पुढे काय केलं, त्यावर ते ठरलं.

आता आपल्याकडे येऊ. परदेशी फॉर्मांत दोनच रकाने असतात. मराठी बाईच्या पहिल्या रकान्यात तिचं नाव आणि नवऱ्याचं नाव एकत्र बसतं. एका दवाखान्यात मला माझ्या नवऱ्याच्या नावाने हाक मारली होती. मी उठले, तर परिचारिका माझ्याकडे बघत राहिली. सिंगापुरात शेजारची चिनी बाई लग्नानंतरही सहसा जन्माचंच आडनाव लावते. मलाय मैत्रिणीला आडनाव नाहीच, वडिलांचं नाव आहे. आपली पद्धत ही जगरीत नाही, हे इथे राहून रोज दिसतं. भारतीय पासपोर्टसाठीही लग्नानंतर नाव बदलणं बंधनकारक नाही. महाराष्ट्र सरकारने 1 मे 2024 पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात आधी आईचं नाव, मग वडिलांचं नाव आणि मग आडनाव असा क्रम केला. चांगलं पाऊल आहे. पण त्याच निर्णयात विवाहितेचं नाव म्हणजे तिचं नाव, पतीचं नाव आणि पतीचं आडनाव, ही जुनी रीत तशीच राहिली. मुलाच्या नावात आई आली, आईच्या नावात मात्र तिची आई आली नाही.

त्या दिवशी हार्बरफ्रंटला आम्ही पाण्याकडे तोंड करून बसलो होतो. समोर सेंटोसा. या बेटाचं जुनं नाव पुलाउ ब्लाकांग माती, त्या नावात मरण होतं. पर्यटकांना बोलवायचं ठरलं तेव्हा सेंटोसा केलं, आपल्या 'संतोष'वरून आलेला मलाय शब्द. या बंदराचं नाव आधी न्यू हार्बर, 1900 साली एका इंग्रज नौदल अधिकाऱ्यावरून केपेल. शेजारच्या इमारतीला लोक वर्ल्ड ट्रेड सेंटर म्हणत, आता हार्बरफ्रंट सेंटर म्हणतात. समोरचा रस्ता मात्र तेलोक ब्लांगाहच राहिला. प्रत्येक वेळी नाव कोणी बदललं आणि कोणासाठी बदललं, एवढं विचारलं की गोष्ट कळते.

मुलीला मी शेवटी हेच दोन प्रश्न दिले. कोण बदलतंय, आणि कोणासाठी? आणि एक तिसरा: होणाऱ्या नवऱ्याला हा प्रश्न कोणी विचारला का? त्याने कधी एक मिनिट तरी यावर घालवलं असेल, तर तू कुठलंही आडनाव लाव, माझी हरकत नाही. 'खरेमास्तर' तिला दिलं आहे. मराठी वाचायला तिला वेळ लागतो. पहिल्या तीस पानांनंतर तिचा मेसेज आला: "आई, पण ही शिरूरकर नक्की कोणाची?"

"कोणाचीच नाही," मी लिहिलं. "पुढे वाच."