माग्दालेना दिसते कशी?

काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील तरुणांनी प्रायश्चित्तकाळात प्रभूच्या दुःखसहनाचे नाटक बसवले होते. पात्रांची निवड चालू असताना आम्ही सभागृहाच्या एका कोपऱ्यात बसून होतो. मरिया माग्दालेनेच्या भूमिकेसाठी दोन मुली पुढे आल्या. एकीचा आवाज असा की शेवटच्या बाकावरच्या म्हाताऱ्या माणसालाही शब्द न् शब्द ऐकू यावा. रिकाम्या कबरीपाशी बोलायचे संवाद तिने नुसते वाचून दाखवले, तरी पोरांची कुजबुज थांबली. पण तिचे केस आखूड कापलेले होते आणि वर्ण सावळा होता. निवड दुसरीची झाली. कुणीतरी कारण विचारले तेव्हा उत्तर मिळाले, "ती माग्दालेना दिसत नाही." त्यात कुणालाच काही वावगे वाटले नाही, खरे सांगायचे तर त्या क्षणी आम्हांलाही वाटले नाही. निवडलेल्या मुलीला लाल झगा मिळाला, मोकळे केस मिळाले आणि शुभवर्तमानात कुठेही नसलेला एक प्रवेशही मिळाला : आरशासमोर बसून एकेक दागिना उतरवण्याचा. सावळी मुलगी गायकवृंदात जाऊन उभी राहिली.

ते वाक्य मात्र आमच्या मनातून गेले नाही. माग्दालेना दिसत नाही म्हणजे नेमकी कुणासारखी दिसत नाही? हा नमुना आला कोठून?

शुभवर्तमानातून तो आलेला नाही, एवढे निश्चित. चारही शुभवर्तमानकारांनी तिला पुनरुत्थानाच्या पहाटे कबरीपाशी आणून उभे केले आहे. तिच्या रूपाविषयी, वयाविषयी, केसांविषयी वा वस्त्रांविषयी त्यांपैकी एकानेही चकार शब्द काढलेला नाही. संत लूक आठव्या अध्यायात सांगतात की तिच्यातून सात भुते निघाली होती, आणि योहान्ना, सुसान्ना व इतर स्त्रियांसमवेत ती पदरचा पैसा खर्चून प्रभूची व शिष्यांची सेवा करीत होती. भुते निघणे ही शुभवर्तमानाच्या भाषेत व्याधिमुक्ती आहे, तो चारित्र्याचा दाखला नव्हे. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी. इतर मरिया कुणाची पत्नी वा कुणाची आई म्हणून ओळखल्या जातात. ही ओळखली जाते ती गावावरून. माग्दाला हे गालील सरोवराच्या काठचे गाव, खारवलेल्या मासळीच्या व्यापारासाठी नावाजलेले. 2009 साली तेथील उत्खननात पहिल्या शतकातील सभास्थान सापडले. आमच्या उत्तनच्या वा पाचूबंदरच्या कोळीणबाईंना वलांडीवर सुकत घातलेल्या बोंबलांच्या रांगा माहीत आहेत. माग्दालेनेच्या गावाचा वास त्यांना परका वाटला नसता. तिचे चित्र काढायचेच, तर कुणी खाऱ्या वाऱ्याने रापलेल्या चेहऱ्याचे, पैशाचा हिशेब चोख ठेवणाऱ्या एखाद्या बाईचेही काढू शकला असता. ते कुणी काढलेले आमच्या पाहण्यात नाही.

जे चित्र काढले गेले त्याचा पाया एका प्रवचनात आहे. 591 च्या सुमारास रोममधील संत क्लेमेंटच्या मंदिरात पोप संत ग्रेगरी यांनी तीन वेगवेगळ्या स्त्रियांना एक केले : संत लूकच्या सातव्या अध्यायातील अनामिक पापी स्त्री, बेथानीची मरिया आणि माग्दालेना. सात भुते म्हणजे सगळे दुर्गुण, असा अर्थ त्यांनी लावला. मग त्यांनी त्या स्त्रीच्या देहाचा एकेक अवयव घेतला. ज्या डोळ्यांनी तिने ऐहिकाचा लोभ धरला ते आता आसवे गाळतात, ज्या केसांनी चेहरा खुलवला ते आता पाय पुसतात, जे सुगंधी तेल देहाला लावले ते आता प्रभूच्या पायांवर ओतले जाते, अशा आशयाची ती मांडणी आहे. प्रवचन म्हणून ती अत्यंत प्रभावी आहे, हे कबूल केलेच पाहिजे. ग्रेगरींचा हेतूही क्षमेचा होता. साथीच्या रोगाने आणि लोंबार्डांच्या स्वाऱ्यांनी गांजलेल्या रोमला त्यांना धीर द्यायचा होता. पण क्षमेचा महिमा गाण्यासाठी त्यांना एक मोठी पापिणी हवी होती, आणि ती घडवण्यासाठी लागणारा पुरावा त्यांनी तिच्या रूपात शोधला. संत लूकने त्या अनामिक स्त्रीचे पाप कोणते हेही सांगितलेले नाही. केस सुंदर होते, म्हणजे ते कुणासाठी तरी विंचरले असणार. तेल सुवासिक होते, म्हणजे ते कशासाठी तरी विकत घेतले असणार. हा न्याय आपल्या आळीत आजही चालतो, हे वाचकांना वेगळे सांगायला नको. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभेने या तीन स्त्रियांना कधीच एक मानले नाही, म्हणून तिकडे माग्दालेना आजतागायत सुगंधी द्रव्ये घेऊन कबरीकडे गेलेली स्त्री आहे, दुसरी कुणी नाही.

पश्चिमेकडील कलावंतांनी मात्र ते केस उचलले आणि जवळजवळ हजार वर्षे सोडले नाहीत. वाळवंटात तप करणाऱ्या इजिप्तच्या संत मरियेची कथाही तिच्या कथेत मिसळली, आणि केस हेच माग्दालेनेचे वस्त्र होऊन बसले. याची दोन टोके आम्हांला फार बोलकी वाटतात. पंधराव्या शतकाच्या मध्यास दोनातेल्लोने लाकडात कोरलेली माग्दालेना फ्लोरेन्समध्ये आहे. गाल बसलेले, दात पडलेले, अंगावर जटांचे जाळे, आणि एकमेकांपाशी येऊनही न जुळलेले दोन हात. 1966 च्या महापुरानंतर ती मूर्ती स्वच्छ केली तेव्हा त्या जटांमध्ये सोन्याचा मुलामा आढळला. दुसरे टोक तिशियनचे. 1533 च्या सुमारास त्याने रंगवलेली माग्दालेना त्याच शहरातील पित्ती राजवाड्यात आहे. तिची नजर स्वर्गाकडे आहे, डोळ्यांत पाणी आहे, आणि लालसर सोनेरी केस तिने दोन्ही हातांनी छातीशी असे धरले आहेत की त्यांनी झाकायचे ते काहीच झाकलेले नाही.

तिशियनच्या चित्रावर समीक्षकांनी पुष्कळ लिहिले आहे, भक्ती आणि सौंदर्य यांचा संगम वगैरे. आम्ही ते चित्र केवळ छापील प्रतीतच पाहिले आहे, म्हणून रंगांविषयी अधिकारवाणीने बोलणार नाही. पण त्याच्या रचनेविषयी बोलता येते. चित्रातील स्त्री वर पाहते आणि प्रेक्षक तिच्याकडे पाहतो. ती आपल्याकडे पाहत नसल्यामुळे आपल्याला संकोचाचे कारण उरत नाही. शिवाय हातात पश्चात्तापाची सबब आहेच. म्हणजे एकाच वेळी तिचे रूप भोगायचे आणि त्याच रूपाबद्दल तिला रडवायचेही. दोनातेल्लो या सापळ्यातून सुटला, असे आम्ही पूर्वी मानत होतो. आता तसे ठामपणे म्हणवत नाही. त्याची मूर्ती थोर आहे, तिच्यासमोर कुणीही वासनेने उभा राहणार नाही. तरीही प्रश्न राहतो : पवित्र होण्यासाठी हिलाच कुरूप का व्हावे लागले? पेत्राने प्रभूला तीनदा नाकारले, पण त्याच्या पश्चात्तापाची खूण म्हणून कुणी त्याचे दात पाडले नाहीत.

स्त्रीचे केस म्हणजे तिच्या शीलाचे माप, ही समजूत काही युरोपची मक्तेदारी नव्हे. आपल्याच महाराष्ट्रात उच्चवर्णीय विधवांचे केशवपन होत असे ते याच तर्काने, की रूप उरले तर पाप उरेल. 1890 साली मुंबईच्या नाभिकांनी सभा भरवून, विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवणार नाही, असे ठरवले. नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यांस पाठबळ दिले. धर्मशास्त्राच्या पंडितांना जे उमगले नाही ते हाती वस्तरा असलेल्यांना उमगले. आपण ख्रिस्ती लोक त्या रूढीचा उल्लेख थोड्या अभिमानाने करतो, जणू आपले घर स्वच्छ होते. आयर्लंडमध्ये माग्दालेनेच्याच नावाची धुलाईगृहे होती. बदनाम ठरवलेल्या, अविवाहित माता झालेल्या वा नुसत्याच निराधार असलेल्या मुलींना तेथे ठेवून बिनमजुरीचे कपडे धुण्याचे काम करून घेतले जाई. अनेकींचे नावही बदलले जाई. त्यांतील शेवटचे 1996 मध्ये बंद झाले आणि 2013 मध्ये आयर्लंडच्या पंतप्रधानांनी त्या स्त्रियांची जाहीर माफी मागितली. प्रवचनातली एक चूक किती दूरवर जाते, ते यावरून दिसावे.

सगळेच चित्रकार एका माळेचे मणी होते असे मात्र नाही. साव्होल्दो या इटालियन चित्रकाराची माग्दालेना लंडनच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहालयात आहे. डोक्यापासून एका झळझळीत रुपेरी शालीत ती गुरफटलेली आहे, केस जवळजवळ दिसतच नाहीत, आणि ती चक्क आपल्याकडे वळून पाहते. शालीवरचा तो उजेड कुठून आला हे आधी कळत नाही. मग ध्यानात येते की तो चित्राच्या बाहेरून, म्हणजे आपण उभे आहोत त्या बाजूने येतो आहे. रेम्ब्रांटने 1638 मध्ये रंगवलेल्या चित्रात प्रभू माळ्याच्या वेषात, डोक्यावर रुंद टोपी आणि हाती फावडे घेऊन उभा आहे, आणि गुडघे टेकलेली माग्दालेना मागे वळते आहे. चित्राचा सारा प्राण त्या वळण्यात आहे. ती सुंदर आहे की नाही हे विचारायचे आम्हांला सुचलेच नाही. संत योहानाचा विसावा अध्याय त्या चित्रकाराने खरोखर वाचला होता. त्या अध्यायात डोळे फसतात. दिसण्यावरून तिला तो माळी वाटतो. ओळख पटते ती हाकेने, स्वतःचे नाव ऐकून.

ख्रिस्तसभेने आपली चूक हळूहळू दुरुस्त केली आहे. 1969 च्या सुधारित उपासना-पंचांगाने 22 जुलैच्या स्मरणदिनी माग्दालेनेला इतर दोघींपासून वेगळे केले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1988 च्या स्त्रियांच्या प्रतिष्ठेविषयीच्या पत्रात 'प्रेषितांची प्रेषित' या तिच्या जुन्या पदवीची आठवण दिली, आणि 2016 मध्ये पोप फ्रान्सिस यांच्या इच्छेनुसार तो स्मरणदिन प्रेषितांच्या सणांच्या बरोबरीचा सण झाला. डोके झाकण्याचा नियमही असाच गेला. 1917 च्या धर्मसंहितेत स्त्रियांनी मंदिरात मस्तक झाकावे असे कलम होते; 1983 च्या संहितेत ते नाही. आमच्या आजीच्या पिढीतील बायका पदर डोक्यावर घेऊनच मिस्सेला येत, आणि त्यात त्यांची श्रद्धा होती, तिचा आम्ही अनादर करीत नाही. पण कलम गेले तरी नजर गेली नाही. मिस्सा संपल्यावर मंदिराच्या पायऱ्यांवर कोणत्या वाचनावर चर्चा होते आणि कुणाच्या ब्लाउजच्या पाठीवर होते, ते ज्याने त्याने आठवून पाहावे. लग्नाच्या मुलीचा रंग, विधवेची टिकल्यांची साडी, वाचन करायला वेदीपाशी गेलेल्या तरुणीची जीन्स... पुरुषांच्या मळक्या शर्टाबद्दल आम्ही एकही ठराव ऐकलेला नाही.

सायमन परुश्याच्या घरी हेच चालले होते. ही कोणत्या प्रकारची बाई आहे, याचा निकाल त्याने तिला पाहताक्षणी मनात लावून टाकला. प्रभूने त्याला उलट विचारले की ही स्त्री तुला दिसते तरी आहे काय, आणि मग एकामागून एक तिच्या कृती मोजून दाखवल्या : तू पाणी दिले नाहीस, तिने आसवांनी पाय धुतले, तू चुंबन दिले नाहीस, ती थांबली नाही. तेच केस, तेच डोळे, तेच तेल. ग्रेगरींनी त्यांची यादी तिच्या गतायुष्याचा पुरावा म्हणून केली; प्रभूने तीच यादी यजमानाच्या उणिवांची म्हणून केली. या दोन याद्यांतला फरक आम्हांला कळायला फार वर्षे लागली.

नाटक ठरल्याप्रमाणे झाले. निवडलेल्या मुलीने जीव तोडून काम केले, तिचा काही दोष नव्हता. पण शेवटच्या प्रवेशात, प्रभू उठला आहे ही वार्ता शिष्यांना सांगण्याच्या वेळी, तिचा आवाज चौथ्या बाकापलीकडे पोचेना. आमच्या पुढच्या रांगेतील एका आजींनी शेजारणीला विचारले, "काय गं सांगते ती?"

"काय ठाऊक," शेजारीण म्हणाली, "पण दिसते किती छान!"