मशरूची उलटी बाजू : ऐतिहासिक कादंबरीतील वस्त्रवर्णन

मराठी ऐतिहासिक कादंबरीत दरबार उभा करायचा झाला की अतलस, किनखाब, मशरू ही नावे ओळीने येतात. कालसूचक म्हणून ती पुरेशी मानली जातात. त्यांच्यातील भेद लेखकाला वा समीक्षकाला सहसा अडवत नाही. प्रस्तुत टिपणाचा आक्षेप या अभेदावर आहे.

‘अतलस’ या अरबी शब्दाचा मूळ अर्थ गुळगुळीत. तो केवळ पृष्ठभागाविषयी बोलतो. ‘मशरू’ म्हणजे धर्मसंमत. पुरुषाने निखळ रेशीम अंगाला लावू नये, या इस्लामी निर्बंधातून वाट काढणारे हे वस्त्र. त्याचा ताणा रेशमी, बाणा सुती. रेशमी धागा एकाच वेळी अनेक बाण्यांवरून तरंगत जातो, म्हणून दर्शनी बाजू झळाळते. त्वचेला मात्र सूत लागते. पाहणाऱ्याचे वस्त्र एक, लेणाऱ्याचे दुसरे. निषेध आणि वैभव यांच्यातील ही तडजोड विणीतच आहे.

‘स्वामी’नंतर (१९६२) बहरलेल्या परंपरेने हे वस्त्र बहुधा दरबारात उभे राहूनच पाहिले. झळाळी आली, अस्तराचा स्पर्श, घाम, संकोच आले नाहीत. कादंबरी म्हणजे वस्त्रकोश नव्हे, हे मान्य. परंतु जो तपशील व्यक्तीच्या अंतर्विरोधाला वाचा फोडू शकतो, तो केवळ शोभेला वापरणे हा कलात्मक तोटाच होय.

सॉल्ट लेकमध्ये राहून या कादंबऱ्या पुन्हा वाचताना बंगालची बालुचरी शेजारी येते. मुर्शिदाबाद परिसरातील या रेशमी साडीच्या पदरावर हुक्का ओढणारे नवाब आहेत, आगगाडीतले साहेब आहेत. येथे वस्त्र काळाची शोभा होत नाही, काळाचा साक्षीदार होते. दुबराज दास या विणकराने तर आपले नावही विणीत गुंफले. विसाव्या शतकाच्या मध्यास विष्णुपुरात या कलेचे पुनरुज्जीवन झाले, तेव्हा पदरावर प्राधान्याने पौराणिक प्रसंग आले. समकालीनाची जागा पूजनीय भूतकाळाने घेतली.

आपल्या ऐतिहासिक कादंबरीचा प्रवासही याहून फार वेगळा नाही. जामदारखान्याच्या नोंदींतून तिने नावे उचलली. ते वस्त्र विणणारा हात आणि अंगावर वागवणारा देह तिच्या पानांत क्वचितच आला. मशरू उलटे करून पाहणे, ही म्हणूनच समीक्षेची जबाबदारी आहे.