शाळेची बाग: शोभा की प्रयोगशाळा?

जुलै उजाडला की खेड्यातल्या प्राथमिक शाळेत वृक्षारोपण होते. खड्डे आदल्या दिवशीच खणून ठेवलेले असतात. रोपे रोपवाटिकेतून आलेली असतात. पाहुण्यांच्या हस्ते पहिले रोप लागते, मुले घोषणा देतात, छायाचित्र निघते. १९५० साली देशात वनमहोत्सव सुरू झाला, तेव्हापासून हा प्रघात आहे आणि त्यामागचा हेतू चांगलाच आहे. मात्र शिक्षणाचा उपक्रम म्हणून त्याची परीक्षा क्वचितच घेतली जाते. ती येथे घ्यावी असा आमचा विचार आहे. त्यासाठी यवतमाळ जिल्ह्यातील बाभुळगाव तालुक्यासारखा भाग आम्ही डोळ्यांसमोर ठेवला आहे. काळी जमीन, कापूस, तूर आणि सोयाबीनची शेती आणि उन्हाळ्यात पारा ४२ अंशांच्या वर नेणारे ऊन, असा हा प्रदेश आहे.

आमचा पहिला आक्षेप आकड्यांविषयी आहे. महाराष्ट्रात २०१६ साली २ कोटी, २०१७ साली ४ कोटी, २०१८ साली १३ कोटी आणि २०१९ साली ३३ कोटी रोपे लावण्याचे उद्दिष्ट ठरवण्यात आले होते. त्यांतली जगली किती, यावरून पुढे बराच वाद झाला. शाळेतही नेमके हेच लहान प्रमाणावर घडते. अहवालात ‘लावलेली रोपे’ असा रकाना असतो आणि तो भरला की काम संपते. आता शाळेचे वेळापत्रक पाहा. जुलै ते सप्टेंबर पाऊस रोपांना सांभाळतो. दिवाळीनंतर पाणी हाताने घालावे लागते. मार्चमध्ये ते रोज घालावे लागते, आणि रोपांना पाण्याची सर्वांत जास्त गरज असते त्या मे महिन्यात शाळेला कुलूप असते. पुढच्या जुलैत त्याच खड्ड्यात नवे रोप लागते आणि अहवालात पुन्हा तोच आकडा येतो.

मुले हे पाहत असतात. कागदावरचा आकडा आणि जमिनीवरची वस्तू यांचा मेळ बसलाच पाहिजे असे नाही, हा धडा ती न शिकवता शिकतात. विज्ञानाच्या शिक्षणाचे याहून मोठे नुकसान आम्हांला दिसत नाही. ५० रोपे लावली आणि वर्षाने १५ उरली, तर ते लपवण्यासारखे काही नाही. पाचवीच्या मुलांसाठी तो शेकडेवारीचा जिवंत दाखला आहे, आणि त्याहून मोलाचा असा एक प्रश्न आहे: उरलेली ३५ रोपे कशाने मेली?

या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा पायाखालच्या मातीत असते. काळ्या मातीतील चिकणमातीचे कण पाणी शोषून फुगतात आणि सुकले की आकसतात. म्हणून भर पावसाळ्यात खड्ड्यात पाणी तुंबते, मुळांना हवा मिळत नाही आणि रोप पाण्यातच गुदमरते. उन्हाळ्यात त्याच जागी भेगा पडतात, कोवळी मुळे तुटतात आणि खोलवरचा ओलावा उडून जातो. मुलांनी एका काचेच्या बाटलीत वावरातली माती आणि दुसरीत नाल्याकाठची रेताड माती पाण्यात ढवळून ठेवावी आणि कोणती किती वेळात निवळते ते पाहावे. एप्रिलमध्ये मैदानातल्या भेगेत काडी घालून तिची खोली मोजावी. रोपाच्या बुडाशी पालापाचोळा पसरला तर ओल किती दिवस टिकते, हेही दोन शेजारच्या आळ्यांत ताडून पाहता येते. यासाठी एक पैसाही लागत नाही.

दुसरा आक्षेप झाडांच्या निवडीविषयी आहे. शाळेच्या आवारात गुलमोहर हमखास असतो. तो मूळचा मादागास्करचा. सुबाभूळ मध्य अमेरिकेकडून आली. झाड परदेशी आहे म्हणून ते वाईट, असे आमचे म्हणणे नाही. तसे ठरवले तर मिरची आणि टोमॅटोही उपटून टाकावे लागतील. आमची कसोटी वेगळी आहे: या झाडाविषयी मुलाला घरून काय माहीत आहे, आणि त्यात शाळा कोणती भर घालू शकते?

या कसोटीवर, बाभळीच्या नावाशी ज्याच्या नावाचे इतके साम्य आहे त्या बाभुळगावच्या परिसरात पहिला मान बाभळीला मिळायला हवा. शोभेच्या झाडांच्या यादीत ती बसत नाही, कारण तिला काटे आहेत. पण तिचे लाकूड औताला आणि बैलगाडीला लागत आले आहे, तिचा डिंक घरात येतो आणि तिच्या शेंगा शेळ्या आवडीने खातात, हे मुलांना ठाऊक असते. येथूनच एक उत्तम प्रयोग सुरू होतो. बाभळीच्या बीचे कवच टणक असते, त्यातून पाणी सहज आत शिरत नाही. शेंगांतून काढलेल्या २० बिया तशाच पेराव्यात. दुसऱ्या २० बियांवर शिक्षकांनी स्वतः गरम पाणी ओतून त्या रात्रभर भिजू द्याव्यात आणि मग पेराव्यात. तिसऱ्या २० बिया शेळ्यांच्या बसण्याच्या जागेतून, लेंड्यांतून आणि रवंथ करताना टाकलेल्यांतून, वेचून आणाव्यात आणि मुलांनी नंतर साबणाने हात धुवावेत. तिन्ही वाफ्यांना सारखीच माती आणि सारखेच पाणी द्यावे. दररोज किती बिया उगवल्या ते फळ्याच्या कोपऱ्यात लिहावे. उत्तर आम्ही येथे देत नाही, ते वर्गानेच शोधावे. शेळी राखणाऱ्या मुलाला त्या दिवशी वर्गात सांगण्यासारखे पुष्कळ असेल, हे मात्र निश्चित.

बाभूळ आणि तूर एकाच शिंबावंत कुळातल्या. सहा-सात आठवड्यांची तूर मुळांसह अलगद उपटली तर मुळांवर बारीक गाठी दिसतात. त्यांत राहणारे जिवाणू हवेतला नत्र झाडाला वापरता येईल अशा रूपात आणतात. गाठ नखाने फोडावी. आत गुलाबी रंग दिसला तर ती कामात आहे असे समजावे. हा रंग आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनच्या जवळच्या एका द्रव्याचा असतो. शेजारच्या टोमॅटोच्या मुळांवर अशा गाठी का नाहीत, हा प्रश्न मग मुलेच विचारतात.

तिसरा आक्षेप परसबागेविषयी आहे. शाळांनी पोषण आहारासाठी भाजीपाला पिकवावा, अशा मार्गदर्शक सूचना केंद्र सरकारने २०१९ साली काढल्या. ताटात ताजी पालेभाजी येणे ही चांगलीच गोष्ट आहे. पण कोणत्या बागेत किती किलो भाजी निघाली याची स्पर्धा लागली की शिकणे मागे पडते. हा धोका जुना आहे. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेतून नई तालीम पुढे आली. तिचा आराखडा तयार करणाऱ्या झाकीर हुसेन समितीनेच, उत्पादनाच्या नादात शिक्षणाचा हेतू हरवू शकतो, असा इशारा दिला होता. सेवाग्राम बाभुळगावपासून फार दूर नाही. तेथे २००५ साली पुन्हा सुरू झालेल्या आनंद निकेतन शाळेत शेतीकाम आणि अभ्यास यांची सांगड घालण्याचा प्रयत्न होत आला आहे. आपल्या परसबागांनी तिकडे पाहायला हवे.

याच संदर्भात एक अवघड प्रश्न विचारला पाहिजे. बागेला पाणी कोण घालते? उशिरा आल्याची शिक्षा म्हणून ते काम दिले जात असेल, झाडलोट मुलींकडे आणि खड्डे मुलांकडे अशी वाटणी असेल, किंवा ठराविक घरांतल्याच मुलांना वारंवार हाक मारली जात असेल, तर बाग हिरवी दिसली तरी तिचा धडा चुकीचा आहे. कामाची पाळी भिंतीवर लिहावी आणि त्या यादीत शिक्षकांचेही नाव असावे.

चौथी गोष्ट सर्वांत गंभीर आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. या जिल्ह्यातल्या मुलांना कीटकनाशकाची बाटली परिचयाची असते. त्यांच्या शाळेच्या बागेत किडीविषयी ‘औषध मारा’ एवढेच शिकवले जात असेल, किंवा काहीच शिकवले जात नसेल, तर ती बाग आपल्या गावापासून तुटलेली आहे. रासायनिक कीटकनाशक शाळेच्या आवारात येताच कामा नये. चवळीच्या दोन ओळी लावाव्यात. एकीवर निंबोळी अर्क फवारावा, दुसरी तशीच सोडावी. दर आठवड्याला दोन्ही ओळींतल्या दहा-दहा पानांवरचा मावा मोजावा आणि मावा खाणारे ढालकिडेही मोजावेत. अर्काचा उपयोग झाला नाही असे दिसले, तर तसेच लिहावे. कोणी सांगितले म्हणून न फवारता आधी मोजून पाहणे, ही सवय उद्याच्या शेतकऱ्याच्या जिवाशी निगडित आहे.

शिक्षकमित्र म्हणतील, दोन शिक्षकी शाळेत चार वर्ग, त्यात माहितीचे तक्ते आणि बैठका. हे सारे करायचे कधी? ही तक्रार रास्त आहे. म्हणूनच आम्ही मोठी बाग मागत नाही. एक वाफा, एक प्रश्न आणि एक वही एवढे पुरे. होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम १९७२ साली शेजारच्या मध्य प्रदेशात १६ ग्रामीण शाळांतून सुरू झाला. २००२ साली शासनाने तो बंद करीपर्यंत साध्या साहित्यावर आणि शेतशिवारातल्या फेरफटक्यांवर तो तीस वर्षे चालला. तो चालवणारे शिक्षकही सरकारी शाळांतलेच होते.

पाण्याचा हिशेबही असाच साधा आहे. जेवणाआधी हात धुताना एका मुलाला अर्धा लिटर पाणी लागते असे धरले, तर ६० मुलांचे ३० लिटर होते. हात धुण्याची जागा बागेच्या वरच्या अंगाला नेली आणि एक चारी काढली, तर ते पाणी आळ्यांपर्यंत आपोआप पोचते. मे महिन्यासाठी मात्र शाळेजवळच्या चार घरांशी जूनपूर्वी नव्हे, फेब्रुवारीतच बोलून ठेवावे लागेल. जेवढ्या रोपांची जबाबदारी ती घरे घेतील तेवढीच रोपे जुलैत लावावीत, मग ती पाच का असेनात.

येत्या जुलैत पाहुणे येतील तेव्हा फलकावर यंदाच्या रोपांची संख्या लिहिण्याआधी तीन ओळी लिहाव्यात: गेल्या वर्षी लावलेली रोपे, आज जिवंत असलेली रोपे आणि मेलेल्या रोपांची मुलांनी शोधलेली कारणे. या ओळी मुलांनीच वाचून दाखवाव्यात. पाहुण्यांचे भाषण त्यानंतर व्हावे.