मुंबईचे स्वतंत्र बँड आणि जागेचा प्रश्न

‘स्वतंत्र बँड’ या शब्दप्रयोगातले स्वातंत्र्य मुख्यतः व्यवहाराचे आहे. ज्या बँडची गाणी त्याच्याच सभासदांनी रचलेली असतात, ध्वनिमुद्रणाचा खर्च त्यांनीच उचललेला असतो आणि त्या गाण्यांचे हक्क कोणत्याही कंपनीच्या वा चित्रपटनिर्मात्याच्या स्वाधीन केलेले नसतात तो बँड स्वतंत्र, मग तो मेटल वाजवो की अभंग गावो. अशा बँडांभोवती नियमित येणारे श्रोते, पदरमोड करणारे हौशी संयोजक, ध्वनितंत्रज्ञ आणि पोस्टर काढणारे चित्रकार यांचा जो सैलसर गोतावळा जमतो त्याला या क्षेत्रातली मंडळी ‘सीन’ म्हणतात, आणि ‘मुंबईचा सीन संपला’ हे भाकीत प्रत्येक पिढी नव्याने करत आली असल्यामुळे ते थोडे बेतानेच घ्यावे लागते. संगणकाने ध्वनिमुद्रण घरात आणून ठेवल्यापासून बँडांची आणि गाण्यांची वाण उरलेली नाही. वाण आहे ती हे बँड प्रथम जिथे कानावर पडावेत अशा, तरुणांच्या खिशाला परवडणाऱ्या जागांची.

अशी एक जागा शहरात होती. धोबी तलावाजवळचे, सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या शेजारचे रंगभवन हे खुले प्रेक्षागृह 1978 पासून जाझ यात्रेचे आणि 1986 पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ या वार्षिक मेळाव्याचे घर होते, आणि दगडी पायऱ्यांवर दाटीवाटीने बसलेल्या महाविद्यालयीन श्रोत्यांसमोर वाजवणे ही रॉक बँडच्या दृष्टीने एक प्रकारची सनदच मानली जात असे. 2000 च्या ध्वनिप्रदूषणविषयक नियमांनुसार रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि न्यायालये यांच्याभोवतीचा 100 मीटरचा परिसर ‘शांतता क्षेत्र’ ठरू लागला आणि महाविद्यालय व रुग्णालय या दोहोंच्या मध्ये सापडलेल्या रंगभवनातले कार्यक्रम थांबले. नियमाचा हेतू रास्त होता, रुग्णाची झोप कोणत्याही गिटारपेक्षा मोठीच; परंतु जी जागा गेली तिच्या बदल्यात दुसरी देण्याची निकड मात्र कोणालाच वाटली नाही.

पुढची दोन दशके बँडांचा आसरा बार हाच राहिला. लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात 2007 मध्ये सुरू झालेल्या आणि 2016 मध्ये बंद झालेल्या ‘ब्लू फ्रॉग’ने उत्तम ध्वनियोजना म्हणजे काय याची चव शहराला दाखवली हे मान्यच करावे लागेल, तथापि बारमधल्या मैफलीचे, ज्याला ‘गिग’ म्हणतात त्याचे, अर्थकारण मुळातच तिरके असते. तिथे गल्ला तिकिटावर भरत नाही, पेल्यांवर भरतो. म्हणून नवख्या बँडला गाणी ऐकवण्याआधी ‘माणसे किती आणाल?’ या प्रश्नाला तोंड द्यावे लागते आणि स्वतःच्या रचनांऐवजी ‘कव्हर’, म्हणजे इतरांची गाजलेली गाणी, वाजवण्याचा मोह होतो, कारण ओळखीचे सूर ऐकत बसलेले गिऱ्हाईक लवकर उठत नाही. यापेक्षा खोल नुकसान वयाच्या अटीने केले आहे. महाराष्ट्रात बिअरसाठी 21 आणि कडक मद्यासाठी 25 वर्षांची अट असल्यामुळे पुष्कळ बार कोवळ्या श्रोत्याला दारातूनच परत पाठवतात आणि ज्या सोळा-सतराव्या वर्षी माणूस एखाद्या बँडवर जीव टाकतो नेमके तेच वय सीनच्या बाहेर राहते.

हा पेच एकट्या मुंबईचा नाही, आणि अमेरिकेतील वॉशिंग्टनच्या पंक संगीतकारांनी तो सोडवला तो अगदी घरगुती युक्तीने. 1980 मध्ये ‘टीन आयडल्स’ या अल्पवयीन मुलांच्या बँडला सॅन फ्रान्सिस्कोच्या एका क्लबमध्ये प्रवेश मिळाला तो हाताच्या पाठीवर काळ्या मार्करने मोठी फुली काढून. फुली असलेल्या हातात पेला द्यायचा नाही एवढीच बारवाल्याला खूण. ही फुली त्यांनी आपल्या शहरात आणली आणि तिथल्या क्लबचालकांच्या गळी उतरवली. गिगमधून साठलेल्या पैशांत याच मंडळींनी ‘डिस्कॉर्ड’ ही संस्था काढून आपली पहिली तबकडी छापली. वेष्टन कसे करतात हे ठाऊक नसल्यामुळे दुसऱ्या एका तबकडीचे वेष्टन उकलून त्याचा आकार गिरवला आणि हजारभर वेष्टने हातांनी कापून, दुमडून, गोंदाने चिकटवली. याच वर्तुळातून पुढे आलेल्या ‘फुगाझी’ या बँडने जगभर नाव झाल्यावरही तिकीट पाच डॉलरच्या आसपास आणि दार सर्व वयांना खुले ठेवले.

मराठी वाचकाला ही रीत परकी वाटण्याचे कारण नाही. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात 1974 पासून ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने प्रायोगिक रंगभूमीचा जो संसार थाटला तो याच धर्तीचा होता: साधी जागा, माफक तिकीट, आणि नाटक पडले तरी पुढचे पाहायला येणारा प्रेक्षक. मुंबईच्या बँडांमध्येही ही वृत्ती अधूनमधून उमटलेली दिसते. 2000 मध्ये स्थापन झालेल्या ‘डीमॉनिक रिझरेक्शन’ या मेटल बँडच्या साहिल मखिजाने स्वतःची ध्वनिमुद्रण संस्था काढून इतर बँडांनाही वाट करून दिली, तर ‘कंट्रोल ऑल्ट डिलीट’ या उपक्रमाने प्रायोजकाऐवजी श्रोत्यांच्या वर्गणीतून कार्यक्रम उभे केले. हा उपक्रम या साऱ्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा प्रयोग मानावा लागेल, कारण त्यात श्रोता गिऱ्हाईक न राहता यजमान झाला.

2010 मध्ये पुण्यात सुरू झालेल्या ‘एनएच सेव्हन वीकेंडर’सारख्या महोत्सवांनी स्वतंत्र बँडांना हजारोंची गर्दी दिली, परंतु वर्षातून एकदा मोठ्या मंचावर मिळणारी चाळीस मिनिटे दर पंधरवड्याच्या छोट्या गिगची भरपाई करू शकत नाहीत, कारण कच्चे गाणे लोकांसमोर पडून पक्के होते ते छोट्या खोलीतच. स्ट्रीमिंगबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. वर्षभरात हजार वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्याला स्पॉटिफाय 2024 पासून काहीच मानधन देत नाही आणि नवख्या बँडची बहुतेक गाणी या मर्यादेच्या अलीकडेच अडतात. त्या मानाने साधारण 15 टक्के कापून उरलेली डिजिटल विक्रीची रक्कम बँडला देणाऱ्या बँडकॅम्पवरची एक खरेदी, किंवा मंचाशेजारच्या टेबलावर, सुट्या पैशांच्या डब्यामागे बसलेल्या ड्रमरकडून घेतलेला एक टी-शर्ट, बँडच्या पुढच्या सरावखोलीचे भाडे प्रत्यक्ष भागवू शकतो.

मराठी रसिकाची या क्षेत्राकडे पाठ आहे, आणि त्यात दोष एकट्या रसिकाचा नाही. मुंबईचे रॉक दीर्घकाळ इंग्रजीतच गायले गेले आणि दक्षिण मुंबई व वांद्रे यांच्यापलीकडे क्वचितच उतरले. अभंगांना बेस गिटार आणि ड्रमची जोड देणाऱ्या ‘अभंग रिपोस्ट’सारख्या बँडला मिळणारा प्रतिसाद पाहता दादर-ठाण्याच्या श्रोत्याचे वावडे वाद्यांशी नसून पत्त्याशी असावे. छबिलदास सुटल्यावर ‘आविष्कार’ माहीमच्या पालिका शाळेत गेला, आणि संध्याकाळनंतर रिकाम्या पडणाऱ्या तशा शाळा या श्रोत्याच्या वाटेवरच आहेत. अडचण इतकीच की नाटकाचा आवाज भिंतीआड राहतो आणि ड्रमचा राहत नाही. ध्वनिरोधक आच्छादनाचा खर्च चार पोरांच्या बँडला झेपणारा नाही, आणि तो वर्गणीतून उभा करण्याचा प्रस्ताव अजून कोणी मांडलेला दिसत नाही.