पट मोजून शाळा कळते का?

तत्त्वज्ञान शिकवणारी माणसं पैशाचं बोलत नाहीत, असा एक समज आहे. पण न्यायाचा प्रश्न शेवटी वाटपापाशीच येतो. म्हणून आज पोशेऱ्यात आपण पैशापासूनच सुरुवात करू.

समग्र शिक्षा योजनेतून शाळेला वर्षाचं संयुक्त अनुदान मिळतं. तीस मुलांपर्यंत 10,000 रुपये, शंभरपर्यंत 25,000, अडीचशेपर्यंत 50,000, हजारापर्यंत 75,000. दुरुस्ती, शैक्षणिक साहित्य, वीजबिल, स्वच्छता, सगळं त्यातच. आता एखाद्या पाड्यावरची अठरा मुलांची शाळा धरा. महिन्याला साडेआठशे रुपयेसुद्धा होत नाहीत. यावर हिशेब ठेवणारे म्हणतील, ‘सर, डोईमागे काढा. अठरांच्या शाळेला डोईमागे साडेपाचशे, तीनशेंच्या शाळेला अडीचशे. म्हणजे लहान शाळेलाच जास्त मिळतं.’ भागाकार बरोबर आहे. पण मोखाड्याचा पाऊस डोईमागे पडत नाही, कौलांवर पडतो. आत अठरा मुलं असोत की ऐंशी, छप्पर तेवढंच गळतं.

आमची टीका इथे आहे. कशाने भागायचं हे गणित सांगत नाही, ते माणसं ठरवतात. आणि एकदा ‘पट’ हेच माप धरलं, की पुढचे सगळे निर्णय त्या मापातून आपोआप निघाल्यासारखे दिसतात.

सप्टेंबर 2023 मध्ये शासनाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागवले. अशा शाळा राज्यात साडेचौदा हजारांहून जास्त. या विचाराची बाजू आपण प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. एकटा शिक्षक पाच इयत्ता सांभाळतो, वर शाळेबाहेरची कामं आहेतच. मुलाला बरोबरीचा सोबती नाही, खेळायला संघ होत नाही. हे दुखणं खरं आहे. नंदुरबारमधल्या तोरणमाळचं उदाहरण दिलं जातं, तेही विचार करण्यासारखं आहे.

पण दुखणं आलं कुठून? शिक्षण हक्क कायदा, 2009. त्याच्या परिशिष्टात साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक सांगितले आहेत. अठरा मुलांची शाळा त्यातच बसते. तिथे दुसरा शिक्षक दिला नाही, तर एकशिक्षकी शाळेचे दोष दिसणारच. आधी शिक्षक द्यायचा नाही आणि मग गुणवत्ता नाही म्हणून शाळा हलवायची, याला तर्कशास्त्रात फार सभ्य नाव नाही.

दुसरी गोष्ट पटाची. संचमान्यतेसाठी 30 सप्टेंबरची संख्या धरतात. आपल्याकडे दिवाळी झाली की घरंच्या घरं भिवंडी, वसई, कल्याणकडे वीटभट्टीवर जातात. मूल सप्टेंबरात इथल्या पटावर, पौषात भट्टीवरच्या भोंग्यात. हजेरी घसरते, आणि पुढच्या वर्षी काही नावं परत येतच नाहीत. मग पट कमी झाला असं म्हणतात. खरं तर रोजगार कमी पडला. रोजगार हमीचं अपयश शाळेच्या नावावर लिहिलं जातं.

ह्याच जिल्ह्यात, डहाणू तालुक्यात, याचं वेगळं उत्तर दिलं गेलं होतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि 1957 पासून कोसबाडला काम केलं. मूल गुरं राखायला जातं, शाळेत येत नाही, हे दिसल्यावर त्यांनी कुरणशाळा काढली. मूल जिथे आहे तिथे बाई गेल्या. वीटभट्ट्यांवर विधायक संसदेने भोंगा शाळा चालवल्या, त्यामागेही हाच विचार होता. आज आपण उलटं चाललो आहोत. सहा-सात वर्षांच्या पोरीने आषाढात ओहोळ ओलांडून समूहाकडे जावं, अशी अपेक्षा आहे.

आमचा समूह शाळेला सरसकट विरोध नाही. पण पाड्यावरची शाळा बंद करण्याआधी तीन गोष्टी लेखी दाखवा. गाडीचा खर्च कोणत्या लेखाशीर्षात आणि किती वर्षं? जुलैत रस्ता खचला तर त्या दिवशी शाळा कुठे भरणार? आणि एखादं मूल येईनासं झालं तर त्याच्या दारात कोण जाणार? आज पाड्यावरचे गुरुजी हाक मारतात. बारा किलोमीटरवरून हाक ऐकू येत नाही.

हे प्रश्न विचारायचे कुठे? मोखाडा तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे. 1996 चा पेसा कायदा सामाजिक क्षेत्रातल्या संस्थांवर आणि तिथल्या कर्मचाऱ्यांवर ग्रामसभेचं नियंत्रण मानतो. शाळा त्यात येते. तेव्हा पुढच्या ग्रामसभेत शाळेचा विषय पहिला घ्या, अनुदानाचा हिशेब मागा, दुसऱ्या शिक्षकाचा ठराव करा आणि ठरावाची पोच घ्या. अठरा हा आकडा कागदावर लहान दिसतो. ग्रामसभेत अठरा नावं वाचून दाखवा, आईबापांसकट. मग तो लहान राहत नाही.

इतकंच बोलायचं होतं. आता तुमचे प्रश्न घेऊ.